टोपलीतली दुसरी

उबोन, ८ जून

खामफा मावशीला वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. एका ओळीत तीनच शब्द मावतील एवढं मोठं अक्षर तू कधीपासून काढायला लागलीस? आजान विरोत माझ्या टेबलावरून जाताना थबकले आणि म्हणाले, "घरचं पत्र का? मला वाटलं दुकानाची पाटी रंगवतेयस." आजान म्हणजे आमच्या अळंबी-खोलीचे मास्तर. ते रागावत नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटते.

काम सांगते. रोज सकाळी बाजारातून आणि गावागावांतून अळंब्यांच्या टोपल्या येतात. एकेका अळंबीचं एक कार्ड करायचं. छत्री कशी, छत्रीखालचे पापुद्रे कोणत्या रंगाचे, देठ पोकळ की भरीव, पाय कसा, कोणत्या झाडाखाली उगवली, माती कसली. मग छत्री कापून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घालायची आणि वर वाडगा झाकायचा. दुसऱ्या दिवशी कागदावर तिची भुकटी पडलेली असते. तिचा रंगही कार्डावर लिहायचा. जुलैअखेर याचा एक तक्ता छापून जिल्ह्यातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांत लावणार आहेत. कोणती खायची, कोणती नाही.

त्यातलं पांढऱ्या रंगोक अळंबीचं पान माझ्या वाट्याला आलंय. बोलायला यायच्या आधीपासून मी ती खातेय, आणि आता ती कशी असते हे लिहायला बसले तर दोन ओळींपुढे जात नाही. सहा कार्डं फाडली. मी लिहिलेलं वाचून कुणी अळंबी चुलीवर चढवणार, हे डोक्यातून जातच नाही.

म्हणून एक मागणं आहे. देवळामागच्या यांग झाडांखालच्या आपल्या पांढऱ्या रंगोक मला पायासकट हव्यात. मला माहीत आहे, आपल्या घरी बांबूच्या सुरीने दोन बोटं वर कापतात आणि पाय जमिनीला ठेवतात, पुढच्या वर्षी पुन्हा यावी म्हणून. पायासकट उपटायची ती फक्त वाईट, पुन्हा उगवू नये म्हणून. तरी या एका वेळेला चालेल का? जमिनीची माफी मी मागेन.

तुझी पिकुल


बान नोंग यांग, १२ जून

पिकुल,

चालणार नाही. कॉलेजात जाऊन तुला उपटायला शिकवतात होय? पाय जमिनीचा. तुझ्या आजीनेही कधी उपटला नाही आणि तिला कुठल्या तक्त्याची गरज पडली नाही. पायाजवळ पांढरी पिशवी असते, अंड्याचं टरफल फुटल्यासारखी, एवढं लिही. तू ती हजार वेळा पाहिलीस.

अक्षर मोठं आहे कारण पेन जाड आहे. दुकानात हेच मिळालं.

इथे सगळं ठीक. रोज सकाळी पायरीवर सात-आठ टोपल्या येतात. मी हात लावून 'ने' म्हटल्याशिवाय या गावात कुणी अळंबी शिजवत नाही, तुला माहीतच आहे. भिक्खूंचा वर्षावास अठरा जुलैला बसतोय. देवळात रस्सा यंदाही माझाच. तीन मोठी पातेली. भन्तेंनी आत्ताच निरोप पाठवलाय की गेल्या वर्षी दुपारनंतर आलेल्यांना पुरला नव्हता. म्हणजे यंदा पांढऱ्या रंगोक जास्त लागणार.

शेजारची सायपिन म्हणते चष्मा लाव. तिला स्वतःच्या मागावरचे तुटलेले धागे दिसत नाहीत आणि मला सांगते.

आज सकाळी वेचलेल्यांतल्या अर्ध्या गाडीवाल्याकडे दिल्यात. उद्या मिळतील. पायरी आठवते ना? तेच. जास्त काही सांगत नाही.

मावशी


उबोन, १४ जून

मावशीला वाकून नमस्कार.

टोपली काल आली. केळीची पानंसुद्धा अजून हिरवी होती. आणि 'पायरी आठवते ना' म्हणजे काय, ते मला न सांगता कळलं.

आजानना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. म्हणाले, "चार वर्षांच्या पोरीला?" मी म्हटलं, हो. मावशी सकाळची टोपली पायरीवर ओतायची, तिच्यात तिने मुद्दाम एक खोटी अळंबी घातलेली असायची, आणि ती सापडेपर्यंत भात नाही. एकदा मी दुपारपर्यंत उपाशी होते. नंतर हात धुताना तू माझी नखं राखेने घासायचीस ते अजून आठवतं.

खोटी लगेच सापडली. खरं सांगू, जरा वाईटच वाटलं. एवढी सोपी? पायासकट उपटलेली, धुतलेलीसुद्धा नाही, पिशवीला लाल मुरूम तसाच. छत्रीची कड गुळगुळीत, आपल्या रंगोकच्या कडेला कंगव्याने ओढल्यासारख्या बारीक रेघा असतात त्या नाहीत. मधोमध पिवळट डागही नाही. देठ कापला तर आतून भरीव. दगडी रंगोक, विषारी. मी ती वेगळ्या डब्यात ठेवली, डब्यावर लाल फुली मारली आणि टोपली बाजूला सरकवली. चला, भात मिळाला.

पण इथे प्रत्येकीचं कार्ड करावं लागतं. एकतीस होत्या. दुपारी एकेक हातात घेऊन लिहीत गेले. रेघा आहेत, पोकळ. रेघा आहेत, पोकळ. तेविसावीला बोट कडेवरून फिरवलं आणि रेघाच लागल्या नाहीत. खिडकीशी नेऊन पाहिली. देठ कापला. भरीव. पुन्हा कापून पाहिली. मग कळलं आणि एकटीच हसत बसले. मावशी, या वेळी दोन! पहिली सोपी, म्हणजे मी खूश होऊन थांबावं. मी थांबलेही होते. कार्डं करायची नसती तर मी नापास होते.

आजान म्हणाले, "तुझ्या मावशीला इथे शिकवायला बोलवायला हवं."

आता दोघी कुठे उगवल्या होत्या ते कळव. झाड, माती, सगळं. कार्डावर तो रकाना रिकामा राहिला की मला झोप येत नाही.

तुझी पिकुल


बान नोंग यांग, २० जून

पिकुल,

शाबास. दोनच होत्या. तुला फसवायला.

पहिली तळ्यापलीकडच्या टेकाडावरची. तेंग झाडाखाली, लाल मुरमात. मुद्दाम तुझ्यासाठी गेले होते. पायाला काटा लागला.

दुसरीही तिथेच. आसपास.

उत्तराला उशीर झाला. तीन दिवस सायपिनच्या ओट्यावर होते, तिच्या मागाचं काम बघत.

त्या दोन्ही फेकल्यास ना? कुठे फेकल्यास?

मावशी


उबोन, २५ जून

मावशीला वाकून नमस्कार.

फेकल्या नाहीत, सुकवून ठेवल्यात. फेकल्या असत्या तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. आणि तेच बरं झालं असतं, असं दोन दिवस वाटत होतं.

दुसरीच्या कार्डावर 'तेंग झाड, लाल मुरूम' असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. पहिलीच्या पिशवीला लाल मुरूम आहे. दुसरीच्या छत्रीला करड्या रेतीचे चार कण चिकटलेत. तशी रेती टेकाडावर नाही. ती देवळामागे आहे, यांग झाडांखाली.

आणि दुसरीला पाय नाही.

मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. देठ दोन बोटं वरून कापलाय, तिरका, बांबूच्या सुरीने. खालचा भाग खरवडून साफ केलाय, खायच्या अळंबीचा करतेस तसा. मावशी, वाईट अळंबीला तू स्वयंपाकाची सुरी लावत नाहीस. एकदा मी लावली होती तेव्हा तू ती सुरी चुलीत घातलीस.

मग ती खोटी म्हणून टोपलीत घातलेली नव्हती. खरी म्हणून वेचलेली होती.

हा भाग तीन वेळा लिहून फाडला. माझं चुकत असेल तर घरी आल्यावर कान पिळ. मी मोठ्या माणसाच्या कामात खोट काढतेय, तेही तू शिकवलेल्या डोळ्यांनी. पण चुकत नसेल तर? त्या सकाळच्या वेचणीतल्या अर्ध्या मला पाठवल्यास. उरलेल्या अर्ध्या कुणी खाल्ल्या?

उत्तर येईपर्यंत पांढरी रंगोक वेचू नकोस. कुणाच्या टोपलीला 'ने' म्हणू नकोस. वर्षावासाला तेवीस दिवस राहिलेत आणि तू तीन पातेली चढवणार आहेस.

तुझी पिकुल


उबोन, ४ जुलै

मावशी,

नऊ दिवस झाले. गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पत्र हातात दिलं की. त्या म्हणाल्या, किती पानं आहेत? मी म्हटलं दोन, बारीक अक्षरात. तर म्हणाल्या, मग राहू दे, उन्हात बसून वाचेन."

माझ्या लक्षात यायला एवढा वेळ लागायला नको होता. पेन जाड नव्हतं.

म्हणून आज तुझ्यासारखंच मोठ्या अक्षरात लिहितेय.

छत्रीच्या कडेवर नख फिरव. रेघा लागल्या पाहिजेत.

देठ काप. पोकळ असला पाहिजे.

यातलं एक जरी नसेल तरी फेक.

कळी असेल, अंड्यासारखी मिटलेली, तर न बघता फेक. ती कुणालाच ओळखता येत नाही. आजाननाही नाही.

एक ओळ तरी पाठव.

पिकुल


बान नोंग यांग, ९ जुलै

पिकुल पोरी,

हे अक्षर सायपिनचं. तुझी मावशी सांगते आणि मी लिहिते. माझं काही मध्येच आलं तर कंसात टाकते, म्हणजे घोळ नको.

दोन नव्हत्या. मी एकच घातली होती, टेकाडावरची. तुझं पत्र आलं, त्यात 'दोन' वाचलं. उन्हात धरून पुन्हा वाचलं. दोनच.

उरलेल्या अर्ध्यांचा मी त्याच दिवशी रस्सा केला होता. मी खाल्ला आणि एक वाटी सायपिनला दिली. (मोठी वाटी. मी अजून एक मागून घेतली.) तुझं पत्र आलं तोवर खाऊन तीन-चार दिवस झाले होते आणि दोघी धडधाकट होतो. पण दगडी खाल्लेलं नदीपलीकडचं ते घर मला आठवलं. त्यांना पहिल्या दिवशी उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले, म्हातारा उठून म्हशीला तळ्यावर घेऊन गेला, आणि आठवड्याच्या आत घरात कुणी उरलं नाही. म्हणून मी सायपिनच्या ओट्यावर जाऊन बसले. तीन दिवस.

(म्हणजे त्यासाठी! मला म्हणाली, तुझी नवी नक्षी बघायला आले. नक्षी बघायची आणि मध्येच विचारायची, "पोट कसं आहे गं?" मी म्हटलं, हिला माझ्या पोटाचं काय पडलंय? पिकुल, मी लिहिणं थांबवून हिच्याशी भांडून घेतलं. शेजारची बाई मरते का ते बघत बसली आणि वर माझ्याच हातचा चिकट भात खाल्लान. आता पुढे.)

डोळ्यांपुढे भाताच्या वाफेसारखं असतं. दीड वर्ष झालं. वाफ विरत नाही, एवढंच. जागा मला पाठ आहेत. यांग झाडांखाली पांढरी दिसली की ती आपली, असं तुझ्या आजीने सांगितलं आणि मीही तसंच धरून चालले. तिथे दगडी कधी आली नव्हती. यंदा आली. तिला कुणी सांगायचं की ही जागा खामफाची आहे?

तुला उत्तर दिलं नाही कारण वेळ नव्हता. जूनभर ज्यांच्या टोपल्यांना मी 'ने' म्हटलं ती घरं आठवत बसले. एकोणीस निघाली. रोज सकाळी एक-दोघांच्या दारावरून जाऊन येत होते, काही ना काही निमित्त काढून. कुणाकडे मीठ मागितलं, कुणाला कोंबडी हरवल्याचं सांगितलं. (हिच्याकडे कोंबडीच नाही.) सगळे आहेत. बोलतात, भांडतात. परवा शेवटचं घर झालं.

वर्षावासाला येऊ नकोस. मला माहीत आहे, तू पिशवी भरून बसली असशील. तू आलीस तर टोपल्या तुझ्यापुढे येतील. रविवारी तू परत जाशील. सोमवारी पुन्हा अळंब्या उगवतील. तेव्हा कुणी बघायचं?

पातेल्यांचं काय करायचं ते माझं मी बघते.

(पोरी, मला विचारशील तर ती घाबरली आहे. अळंबीला नाही. 'दिसत नाही' हे चारचौघांत म्हणायला. हे मी लिहिलं ते तिला वाचून दाखवणार नाही.)

मावशीच्या वतीने,
सायपिन


उबोन, ११ जुलै

मावशीला वाकून नमस्कार, आणि सायपिन काकूंनाही. काकू, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा. गाळू नका.

पिशवी खरंच भरली होती. तुझं ऐकून रिकामी केली. पुन्हा भरली. आता पलंगाखाली अर्धी भरलेली पडली आहे. येत नाही.

एकोणीस घरांचं वाचल्यावर मला माझं सुचलं ते सांगते. मी पहिली सापडल्यावर टोपली बाजूला ठेवली होती, मावशी. कारण लहानपणापासून एकच असायची. दुसरी शोधायची सवयच मला नाही. कार्डांमुळे ती हाती लागली, माझ्या हुशारीने नाही. तुला जागेने फसवलं, मला आकड्याने. तेव्हा एकट्या तुझी चूक धरून बसू नकोस.

पांढऱ्या रंगोकचं पान लिहून झालं. त्यात एक ओळ मी जास्तीची घातली: 'दर वर्षी इथे चांगलीच येते म्हणून चांगली धरू नका.' आजान म्हणाले, ही माहिती कुठली? मी म्हटलं, घरची. त्यांनी ओळ तशीच छापायला घेतली.

भुकटीच्या कागदाचंही सांगते. दोघींची पांढरीच पडते. म्हणजे ती खटपट इथे कामाची नाही. देठ आणि कड, एवढंच खरं. ते करायला नजर लागते असं नाही. नख लागतं आणि सुरी.

इथल्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझं नाव घातलंय. सोळा ऑगस्ट. मोतीबिंदू असेल तर काढतात, एका वेळी एक डोळा. मला विचारून घालायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

अठरा तारखेला दिवसभर माझं लक्ष कामात नसेल. कुणीतरी कळवा.

तुझी पिकुल


बान नोंग यांग, २० जुलै

पिकुल पोरी,

सायपिनच. पण हे पत्र माझं स्वतःचं आहे, त्यामुळे कंस नाहीत.

सगळे जिवंत आहेत. आधी ते सांगते, म्हणजे तू श्वास घेशील.

अठराला सकाळी देवळात बायका जमल्या, टोपल्या ओळीने लावल्या. तिन्ही पातेल्यांत यानांगच्या पानांचा रस उकळत होता. नेहमीसारखं सगळ्यांनी टोपल्या खामफापुढे सरकवल्या. तिने एकीलाही हात लावला नाही. भन्तेंपुढे जाऊन तीनदा डोकं टेकवलं, वळली आणि म्हणाली, "मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. जूनमध्ये माझ्या टोपलीत दगडी आली आणि मला कळली नाही. उबोनला माझ्या पोरीला कळली."

दोघीतिघींनी पुढे सरकवलेल्या टोपल्या मागे ओढून घेतल्या. मग लुंग होम, तो म्हातारा, ज्याला गप्प बसणं शिकवायचं त्याच्या आईने राहून गेलं, तो म्हणाला, "म्हणजे दीड वर्ष आम्ही काय तुझ्या नाकावर जगलो?"

ही म्हणाली, "जगलात ना? मग आता सुरी घ्या."

"मला सुरीची गरज नाही. माझी आई मूठभर तांदूळ टाकून उकळायची. काळे पडले तर विषारी. साधं आहे."

"दगडीबरोबर तांदूळ पांढरेच राहतात, होम. काळं तुझं घर पडेल."

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या सुनेनेच त्याच्या हातात सुरी दिली.

मग सगळ्या देवळाला तिने खाली बसवलं. प्रत्येकाने आपली टोपली आपणच बघायची. कडेवर नख, देठाला सुरी. ही मध्ये बसून विचारत होती, "पोकळ? किती पोकळ? काडी जाते का?" माझ्या टोपलीतल्या सगळ्या पोकळ निघाल्या. मी दोनदा कापल्या, एवढी मला तिच्या रश्श्याची आठवण होती. भरीव दोन निघाल्या. दोन्ही लुंग होमच्या टोपलीत. त्याने त्या उजेडात धरून उलटसुलट बघितल्या. मग काय म्हणाला माहीत आहे? "माझ्या टोपलीत या कुणी घातल्या?" तेव्हा सगळे हसले. तोही हसला, पण उरलेली टोपली पुन्हा पहिल्यापासून एकेक बघत बसला. त्याच्या घरी पाच पोरं आहेत.

एवढं होऊनही तिने एकही पांढरी पातेल्यात पडू दिली नाही. पोकळ निघालेल्याही नाहीत. रस्सा बांबूच्या कोंबांचा आणि भोपळ्याचा झाला. भन्तेंनी दोनदा घेतला.

काल सकाळी मी मुद्दाम तिच्या पायरीकडे लक्ष ठेवून होते. ती झाडून काढून बसली होती. टोपल्या येणार नाहीत असं धरूनच बसली होती, तरी बसली होती. सहा आल्या. लोक आता स्वतः कापतात आणि तिला विचारतात, "एवढं पोकळ चालेल का?" ती करंगळी घालून बघते. आणि चार शिव्या घालते, कापता येत नाही म्हणून.

सोळा ऑगस्टला ती येईल. मी गाडीत बसवून देते. ती नाही म्हणते, पण पातळ धुऊन वाळत घातलंय.

सायपिन


बान नोंग यांग, २ सप्टेंबर

पिकुल,

हे माझं अक्षर. एका ओळीत नऊ शब्द आहेत. मोजून घे आणि तुझ्या आजानना दाखव.

उजव्या डोळ्याने सायपिनच्या मागावरचे तुटलेले धागे दिसतात. सगळे मोजून तिला सांगितले. ती दोन दिवस बोलत नाही. डावा डोळा पाऊस संपल्यावर बघू.

तुझा तक्ता आरोग्य केंद्रात लागला. मी जाऊन उभी राहून वाचला. चित्र बरं आहे. देठावरची झालर जरा मोठी काढलीस, आणि कडेच्या रेघा याहून बारीक असतात. ती जास्तीची ओळ वाचली. लुंग होम ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतो, जणू त्यानेच सांगितलेली.

मग यांग झाडांखाली गेले. दीड वर्षाने ती जागा दिसली. करडी रेती, पानं, सगळं आठवणीतल्यासारखंच. दोन्ही शेजारी शेजारी होत्या, पिकुल. हातभर अंतरावर. उभं राहून बघितलं तर सारख्या. वाकले तेव्हा वेगळ्या झाल्या.

टोपली गाडीवाल्याकडे दिली आहे. सगळ्या पायासकट आहेत, चांगल्या आणि वाईट दोन्ही. एकेक उपटताना जमिनीची माफी मागितली. पुढच्या वर्षी आल्या नाहीत तर तुझ्या तक्त्याला विचारेन.

किती खोट्या घातल्या आहेत ते सांगत नाही. पूर्वी एकच घालायचे आणि ती सापडली की उठू द्यायचे. ते मी तुला चुकीचं शिकवलं. या वेळी एक असेल, चार असतील, कदाचित एकही नसेल. शेवटची हातात घेऊन खाली ठेवेपर्यंत भात वाढून घेऊ नकोस.

मावशी